जिप्सीच्या हीटरपायी फाडलेली तीन बिलं

चिमूर, नागभीड, ब्रह्मपुरी या पट्ट्यात ज्यांच्याकडे उघडी जिप्सी आहे, मग ती ताडोब्याच्या सफारीला लागलेली असो की घरची, त्यांनी हे जरूर वाचावं. ‘पायाशी आग होते’ आणि ‘हिवाळ्यात हीटर लागत नाही’ या दोन तक्रारींवर एका गॅरेजवाल्यानं माझ्याकडून तीनदा पैसे घेतले आणि तिन्ही वेळा खरं काम केलंच नाही. तक्रार दाखल केली असल्यामुळे गॅरेजचं नाव घेत नाही. पण ही पद्धत एकाच गॅरेजपुरती असेल असं मला वाटत नाही.

आधी गाडीत उष्णता येते कुठून ते समजून घ्या, म्हणजे लबाडी कुठं झाली ते कळेल. इंजिन थंड ठेवणारं पाणी साधारण ऐंशी-नव्वद अंशावर फिरत असतं. त्यातलं थोडं पाणी दोन रबरी पाइपांतून फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याच्या पलीकडे, डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमध्ये जातं. त्यालाच हीटर कोर म्हणतात. डॅशवरचा दांडा थंडकडे ओढला की एक व्हॉल्व्ह या पाण्याची वाट बंद करतो. तो व्हॉल्व्ह उघडा अडकला, तर मे महिन्यातही कोर तापलेला राहतो, आणि पंखा बंद असला तरी चालत्या गाडीत समोरून शिरणारा वारा ती उष्णता थेट पायांवर आणतो.

उघड्या गाडीचं आणखी एक आहे. काचेमागे वाऱ्याचा दाब कमी होतो. त्यामुळे फायरवॉलची भोकं, गिअरच्या दांड्याचं फाटलेलं रबर, पेडलजवळच्या फटी अशा प्रत्येक जागेतून इंजिनाकडची गरम हवा आत ओढली जाते. डोक्याला वारा लागतो आणि पोटऱ्या भाजतात. हे इंजिनाच्या आजाराचं लक्षण नव्हे. डॅशवरच्या तापमानाच्या काट्याकडे पाहा. काटा मध्यावर स्थिर असेल, तर इंजिन बहुतेक ठीकच असतं.

माझा काटा मध्यावरच होता. तरी पहिल्या फेरीत गॅरेजवाला म्हणाला, “भाऊ, इंजिन गरम होऊन रायलं. हेड गेलं तर लय मोठा खर्च बसन.” त्यानं रेडिएटर ‘साफ’ केला, कूलंट म्हणून हिरवं पाणी टाकलं आणि थर्मोस्टॅट काढून घेतला. “थे थंड्या मुलकाचं सामान होय, आपल्या इकडं त्याचं काय काम?” हे वाक्य आपल्याकडच्या बऱ्याच गॅरेजांत ऐकू येतं आणि ते साफ खोटं आहे. इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणं आणि तापल्यावर वाट उघडणं, एवढंच थर्मोस्टॅटचं काम. तो बिघडून बंद अडकला तर बदलायचा असतो, फेकायचा नसतो. तो नसला की इंजिन फार उशिरा तापतं. एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनच्या गाडीचा संगणक इंजिन थंडच आहे असं धरून जास्त पेट्रोल सोडतो आणि सिलिंडर झिजतात. पायाशी होणारी आग मात्र तशीच राहते, कारण तिचा थर्मोस्टॅटशी संबंधच नाही.

आग तशीच राहिल्यावर दुसरं बिल आलं, ‘हीटप्रूफ पॅकेज’चं, साडेनऊ हजारांचं. गाडी त्याच्याकडे राहिली. परत आली तेव्हा मॅटखाली काळा नमदा आणि वर चंदेरी कागद होता. पायाशी खरंच गारवा वाटला. मी समाधानानं पैसे दिले आणि चार ओळखीच्यांना त्याचं नावही सांगितलं. त्यातल्या दोघांनी तेच पॅकेज बसवून घेतलं, याचा मला आजही त्रास होतो.

गारवा नमद्यानं आला नव्हता. त्यानं हीटरकडे जाणारे दोन्ही पाइप कापून, वाकड्या पाइपच्या एका तुकड्यानं बॉनेटखालीच एकमेकांना जोडले होते आणि त्यावर काळी टेप गुंडाळली होती. कोरकडे पाणीच जात नव्हतं. पाइपच्या ज्या तुकड्याला आणि दोन क्लिपांना शे-दोनशे रुपये लागतात, त्या कामावर साडेनऊ हजारांचा कागद चिकटवला.

नमद्यानं दुसरंच नुकसान केलं. उघड्या गाडीत पावसाचं पाणी येणारच. नमदा ते पितो आणि पत्र्याला धरून बसतो. दिवाळीनंतर मॅट उचलली, तर ड्रायव्हरच्या पायाखाली जोडापाशी पत्र्याला गंजाचे पापुद्रे सुटले होते. ज्याला खरंच उष्णतारोधक लावायचं असेल त्यानं पाणी न पिणारं, पत्र्याला पूर्ण चिकटणारं, वर ॲल्युमिनियम असलेलं रबर घ्यावं. त्याआधी गिअरची फाटलेली रबरं बदलावी आणि फायरवॉलच्या भोकांत ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारी रबरी कडी, बसवावे. बहुतेक गाड्यांत एवढ्यानंच मोठा फरक पडतो.

मग डिसेंबर आला. पहाटे ताडोब्याच्या कोलारा गेटवर रांगेत उभं राहणाऱ्यांना ती थंडी सांगायला नको. मागे पाहुणे ब्लँकेटमध्ये असतात, पण ड्रायव्हरची बोटं स्टिअरिंगवर बधिर होतात. हीटरचा दांडा पूर्ण ओढला तरी बर्फासारखी हवा. गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं, मान हलवली आणि सांगितलं, “कोर गेला, नवा टाका लागन.” आपणच पाइप कापले आहेत हे माहीत असताना त्यानं हे सांगितलं! ‘नव्या’ कोरचे सात हजार घेतले. पाइपचा जोड काढून पाणी पुन्हा आत वळवलं, तेव्हा हवा कोमट झाली, त्याहून जास्त नाही. “उघड्या गाडीत इतकंच येते भाऊ,” असं वर सांगितलं.

खरं काय ते नागभीडकडच्या एका जुन्या मिस्त्री काकांनी दाखवलं. इंजिन चांगलं फिरवून त्यांनी आधी माझाच हात धरून पाइपांवर ठेवला. “बापू, हात लावून पाय. दोन्ही चटका देत असतील तर कोर चालू. एक गरम, एक थंडा तर वाट अडली. दोन्ही कोमट तर इंजिनच तापून नाही रायलं.” माझे दोन्ही कोमट होते. म्हणजे थर्मोस्टॅट नाही. नवा थर्मोस्टॅट बसवला, तर एक पाइप चटके देऊ लागला आणि दुसरा त्या मानानं थंडच. म्हणजे कोरमध्ये वाट अडलेली. कोर बाहेर काढला. वरून ताजा चंदेरी रंग आणि आत बोअरच्या पाण्याचा पांढरा खार गच्च बसलेला. “नवा म्हनता, मंग यात खार कुठून आला?” माझाच जुना कोर रंगवून मला विकला होता. हिरवं पाणीही रंगाचंच निघालं, कूलंटचा त्यात पत्ता नव्हता.

सगळ्यात संताप मला एका गोष्टीचा आहे. पाइप ज्या भोकांतून आत जातात, त्यांचे ग्रोमेट हरवून गॅरेजवाल्यानं तिथं तेलकट चिंध्या कोंबल्या होत्या. एक चिंधी एक्झॉस्टच्या बाजूला काळी पडली होती. मागच्या सीटवर लहान मुलं असतात. शिवाय एक्झॉस्टचा जोड गळत असेल, तर त्याच फटींतून कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो. ताडपत्री लावलेल्या गाडीत डोकं दुखू लागलं, मळमळलं, तर लगेच गाडी उघडी करा आणि एक्झॉस्ट तपासल्याशिवाय हीटर लावू नका.

काकांनी कोर रसायनानं धुतला, डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं भरलं, गाडीचं नाक चढावर ठेवून अडकलेली हवा काढली आणि व्हॉल्व्ह सोडवला. ज्यांचा व्हॉल्व्ह मिळत नाही त्यांनी हीटरच्या आत जाणाऱ्या पाइपवर चांगल्या प्रतीचा पितळी कॉक बसवावा, उन्हाळ्यात बंद, हिवाळ्यात उघडा. मूळ व्हॉल्व्हही तेच करतो. हे सगळं इंजिन पूर्ण थंड असताना करा; गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं.

गॅरेजात काम टाकताना तीन गोष्टी धरून ठेवा. काढलेला जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. काम सुरू होण्याआधी पाइपांचा आणि कोरवर केलेल्या खुणेचा फोटो काढायचा. आणि बिलावर प्रत्येक पार्टचं नाव हवं. माझ्या तिसऱ्या बिलावर नुसतं ‘हीटर काम’ लिहिलं आहे आणि गॅरेजवाला आता त्याचाच आधार घेतो आहे.

गाडी सफारीला चालते म्हणून ग्राहक कायदा आपल्याला लागू नाही, असं त्यानं मला ठणकावून सांगितलं. तेही चूक. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, जो माणूस केवळ आपलं पोट भरण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून वस्तू विकत घेऊन वापरतो, तो ग्राहकच धरला जातो. दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि आधी सल्ला हवा असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. माझ्या सांगण्यावरून ज्या दोघांनी ते पॅकेज घेतलं, त्यांचेही पाइप आम्ही उघडून पाहिले. दोन्ही गाड्यांत टेपखाली तोच तुकडा निघाला. त्यांचे फोटो आणि बिलं माझ्या तक्रारीला जोडली आहेत. ज्यांनी कुठंही असं ‘हीटप्रूफ’ काम करून घेतलं असेल, त्यांनी आजच बॉनेट उघडून फायरवॉलजवळची काळी टेप सोडून पाहावी.