लाँग लाईन का पाकणी? टँकरवर बसायच्या आधी वाचा

लायसन्सवर हॅझार्डस (धोकादायक माल न्यायची नोंद) चढवलंय, ३ दिवसांचं ट्रेनिंग झालंय, गिअर-ब्रेक सगळं येतंय, हे धरूनच लिहितोय. आता प्रश्न एवढाच की सोलापुरात राहून टँकरच चालवायचा तर कुठला, साखर कारखान्याचं, पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल भरून साऊथला जाणारा, म्हणजे लाँग लाईन, का सोलापूरजवळच्या पाकणीच्या तेल डेपोवर पेट्रोल-डिझेल भरून आसपासच्या पंपावर खाली करणारा. मी पहिला पाच वर्षं चालवला, दुसरा आता तिसरं वर्ष चालू आहे. दोन्हीकडं पोट भरतंय, मी कुणाला वाईट म्हणणार नाही.

पैशाचं आधी सांगतो कारण सगळे तेच विचारतेत. लाँगला चांगला महिना आला की पगार, भत्ता आणि ऍव्हरेजमधनं वाचलेलं डिझेल धरून मला ३० हजाराच्या आसपास पडायचे, वाईट महिना २० वर पण यायचा. पाकणीला २२-२३ पडतेत, पण दर महिन्याला पडतेत. मालकानुसार हे बदलतंय, त्यामुळं माझा आकडा म्हणजे सगळ्यांचा नव्हं. पण नुसता पगार बघितला तर लाँग पुढं आहे, हे कबूल.

गाडीच्या बाबतीत पण लाँगच बरी. १ ऑक्टोबर २०२५ पासनं बनलेल्या मोठ्या ट्रकला एसी केबिन कंपल्सरी झालंय, आणि नव्या गाड्या मालक आधी लांबच्या रूटला लावतेत, पाकणीला बहुतेक जुन्याच दिसतेत. मे महिन्यात सोलापुरात ४३ डिग्रीला बिनएसीच्या केबिनमध्ये बसणं काय असतंय ते बसल्यावरच कळतंय. रस्ता पण मोकळा, विजापूर सोडलं की गाडी पळती, आणि आपल्याला कन्नड-तेलुगू थोडंफार येतंय म्हणून साऊथला सोलापूरचा ड्रायव्हर कुठं अडत नाही. नवीन मुलूख बघायला मिळतो. आईशप्पथ, पहिली दोन वर्षं मला लई आवडलं.

पाकणीची कटकट वेगळीच. मोबाईल गेटवर जमा, सुती कपडे, बूट, नंबर लागेपर्यंत बसा. पंपावर गेलं की ठिणगी पडू नये म्हणून अर्थिंगची क्लिप लावा, माल शांत होईपर्यंत थांबा, मग दांडा टाकून डीप (माल किती उंच भरलाय ते) बघा आणि मग पंपवाल्याचं तोंड बघा. दुपारच्या उन्हात भरलेला माल पहाटे थंडाव्यात मोजला की कमीच भरणार, २० हजार लिटर पेट्रोल ५ डिग्रीनं थंड झालं तर अंदाजे १०० लिटरचा फरक पडतो, हे डेन्सिटी-टेम्परेचरचा हिशोब करणाऱ्याला कळतंय. पण बार्शीकडच्या एका पंपावर म्हाताऱ्या मालकानं मला सरळ विचारलं होतं, "काय वो, वाटंत पिलाव का?" सील शाबूत, लॉक शाबूत, तरी विचारलं. मी हसलो, काय करणार. असं महिन्यातनं एकदोनदा होतंयच. वरनं जीपीएस, तुळजापूरच्या अलीकडं चहाला जास्त वेळ थांबलं तरी फोन येतो.

चालवायला मात्र पाकणीची गाडी सोपी वाटती, माझा तरी अनुभव. आत कप्पे असतेत, त्यामुळं माल हलत नाही. इथेनॉलचा टँकर थोडा जरी कमी भरलेला असला तर ब्रेक मारल्यावर एक सेकंद गाडी थांबती आणि मग माल मागनं येऊन ढकलतो, सिग्नलवर पुढच्या गाडीपासनं चार हात जास्त सोडायची सवय तिथनंच लागली.

आता मुद्द्याचं, म्हणजे मी लाँग का सोडली. लोकांना वाटतंय घरची आठवण, झोप, पोलीस. तसं नाही. हॉल्टिंग, म्हणजे माल खाली होईपर्यंत गाडी घेऊन उभं राहणं.

गाडी पोचवणं आपल्या हातात आहे, खाली होणं नाही. इथेनॉल पाणी ओढून घेतंय, म्हणून डेपोवाले आधी सॅम्पल काढणार, त्याचा रिपोर्ट येणार, मग टाकीत जागा असली तर पाईप लागणार. एकदा ऑगस्टमध्ये बेंगळुरूच्या अलीकडं एका डेपोवर मी तीन दिवस उभा होतो. सॅम्पल पहिल्याच दिवशी पास झालं होतं, टाकीत जागा नव्हती. कांद्याच्या, सिमेंटच्या गाडीचा ड्रायव्हर कुठंही उभा राहिला तरी स्टो पेटवून भात टाकतो, आंघोळ करतो, त्याचं घरच असतंय ते. आपण ज्वलनशील माल घेऊन उभे, पार्किंगमध्ये काडी ओढायची नाही. इंजिन बंद, बॅटरीचा स्विच बंद, म्हणजे नव्या गाडीचा तो एसी पण बंद. रात्री काच खाली केली तर डास, वर केली तर घाम. गाडी सोडून लांब जाता येत नाही कारण नंबर कधी पुकारतील नेम नाही, म्हणून गेटसमोरच्या हॉटेलात त्याच्या भावानं जेवायचं, मी आणि क्लिनर मिळून तीन दिवसांत सतराशे रुपये गेले. बायकोनं बांधून दिलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी होती म्हणून तेवढ्यावर भागलं, नाहीतर अजून गेले असते. शेवटच्या दिवशी भाकरी गार चहात बुडवून खाल्ली, क्लिनर पोरगं म्हणतंय, "मामा, बिस्किटासारखी लागती की." मालकाला हॉल्टिंगचे पैसे मागितले तर म्हणाला पहिले दोन दिवस धरत नाही, तिसऱ्याचे तीनशे.

बरं हे एकदाचं नव्हतं. माझ्या अंदाजानं महिन्यातले सहासात दिवस असे उभ्यानंच जायचे. चाक फिरलं तर पैसा, ह्या धंद्यात बंद चाकाची किंमत ड्रायव्हरच्याच खिशातनं जाती. १९६१ च्या कायद्यात दिवसाला ८ तासाचं काम लिहिलं होतं, लांबच्या रूटला फारतर १०, पण गेटवर झोप काढत बसलेले तास कुणी कामात धरत नाही, आपण पण धरत नव्हतो.

पाकणीला पण नंबर असतो की, पण संध्याकाळपर्यंत काय ते कळतंय. माल नसला तर घरी जा म्हणतेत आणि आपण खरंच घरी जातो, अर्धा तास. पंपवाल्याला माल पाहिजेच असतो, त्याचा पंप कोरडा पडत असतो, तो भांडला तरी थांबवून ठेवत नाही. दुधाच्या टँकरवाल्यांचं पण तसंच ऐकतो, दूध नासतंय म्हणून गेटवर कुणी अडवत नाही, पण तिथं पळवतेत फार, मी केलेलं नाही त्यामुळं जास्त बोलत नाही.

अजून एक, २०२४ च्या जानेवारीत हिट अँड रनच्या १० वर्षांच्या शिक्षेवरनं संप झाला तेव्हा मी पाकणीलाच होतो. ते कलम अजून लागू केलेलं नाही म्हणतेत, पण अनोळखी गावात, अनोळखी गर्दीत अडकायची भीती लाँगवाल्याला जास्त. अक्कलकोट रोडला काही झालं तर निदान कुणीतरी ओळखीचं निघतंय.

वय पंचविशीच्या आत असंल, अंगावर कर्ज असंल, घरी वाट बघणारं लेकरू नसंल तर दोन वर्षं लाँग करा, मी नको म्हणणार नाही. फक्त मालकाला पगाराच्या आधी हॉल्टिंगचे पैसे कितव्या दिवसापासनं ते विचारा आणि कागदावर घ्या. पाकणीला यायचं असंल तर सकाळी सहाच्या आत गेटजवळच्या चहाच्या टपरीवर या, सगळे ट्रान्सपोर्टवाले तिथंच भेटतेत, सातनंतर गेलात तर गाड्या आत गेलेल्या असतेत आणि फोन सगळ्यांचे गेटवर जमा.