फोन सांगत होता, तरी मी ‘इन्स्टॉल’ दाबलं

पैशांचं आधी सांगून टाकते, कारण सगळे तेच विचारतात. नेटवर आपला माग लपवून देतो म्हणणाऱ्या एका ‘प्रॉक्सी’ सेवेला वर्षाचे म्हणून २,४९९ रुपये गेले आणि नंतर न विचारता दोनदा ४९९ कापले. पण मी हे लिहायला बसले ती माझ्या गिऱ्हाइकांसाठी. चूक मी केली आणि त्रास त्यांना झाला.

मी सोलापुरात विजापूर रोडला राहते, घरून शेंगा चटणी करून विकते. ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते, पार्सल कुरिअरने जातं. गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, मोबाईल नंबर, पार्सलमध्ये काय आणि किती, हे कुरिअरच्या साइटवर मीच भरते, फोनवरच्या क्रोममधून. हे लक्षात असू द्या, पुढे तेच नडलं.

दिवाळीच्या सुमाराला सासूबाईंची शुगर वाढली. लेकीने नेटवर पथ्यपाणी शोधलं, आणि दुसऱ्या दिवसापासून शुगर मोजायच्या मशिनच्या जाहिराती सुरू झाल्या. सासूबाईंच्या ते फार मनाला लागलं. “माझं दुखणं परक्याला कशाला कळायला पाहिजे?” म्हणाल्या. त्यांचं बरोबरच होतं, मला आजही तसंच वाटतं. घरातलं घरात राहावं असं वाटण्यात काही वावगं नाही, आणि या लोकांनी नेमकं तेच हेरलं होतं. आठवड्याभरात मला जाहिरात दिसली: अख्ख्या घरासाठी अनामिक प्रॉक्सी, तुमचा माग कुणालाच लागणार नाही. मी नंबर टाकला, दहा मिनिटांत फोन आला.

बोलणारा मुलगा मराठीच होता, अदबीने ‘ताई, ताई’ करत होता. मी विचारलं, प्रॉक्सी म्हणजे नेमकं काय? म्हणाला, “तुम्ही जी साइट उघडता तिला तुमच्या घरचा आयपी पत्ता, म्हणजे नेट कनेक्शनचा नंबर, दिसतो. आम्ही मध्ये थांबतो. मग साइटला आमचा पत्ता दिसतो, तुमचा नाही.” हे खोटं नव्हतं, म्हणूनच मला पटलं. जो मध्ये थांबतो त्याला काय काय दिसतं, ते मात्र त्याने सांगितलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

पैसे भरताना ऑटोपेला यूपीआय पिन टाकून घेतला. मग म्हणाला, आता एक सिक्युरिटी सर्टिफिकेट टाका. मी तेव्हा चटणी कुटत होते, बोटं तेलाने माखलेली, फोन कपाटाला टेकवून उभा केलेला. सेटिंगमध्ये गेल्यावर लाल खुणेची सूचना आली, तुमचा डेटा खाजगी राहणार नाही अशी. मी त्याला वाचून दाखवली. “ताई, ती सगळ्यांनाच येते, कंपन्या घाबरवतात. खाली ‘तरीही इन्स्टॉल करा’ आहे बघा.” मी बोटाच्या पेराने ते दाबलं. तसंच सासूबाईंच्या आणि लेकीच्या फोनवर केलं. घरच्या कॉम्प्युटरवर एक ‘बूस्टर’ टाकून दिला आणि सांगितलं, हा चोवीस तास चालू ठेवा.

दीड-दोन महिने काही कळलं नाही. नेट मंदावलं होतं, आणि कुठलीही साइट उघडली की आधी ‘तुम्ही रोबोट नाही ना’ असं विचारून चित्रं ओळखायला लावायची. आम्ही म्हटलं, संरक्षण आहे म्हणजे एवढं चालायचंच.

जानेवारीत, इथल्या गड्डा यात्रेच्या गडबडीत, पुण्याच्या एका काकूंचा फोन आला. “अगं, तुझं पार्सल अडकलंय म्हणून फोन आला होता. अर्धा किलो चटणी, पत्ता, सगळं बरोब्बर सांगितलं. दहा रुपये भरायला लिंक पाठवली, मी भरले, आणि खात्यातून नऊ हजार गेले.” मी मटकन खाली बसले. त्या ऑर्डरची माहिती त्या, मी आणि कुरिअरवाले एवढ्यांनाच होती. दुसऱ्या दिवशी तसाच आणखी एक फोन आला, तेव्हा गळती माझ्याच घरात आहे हे उमगलं.

भाचा पुण्यात कॉम्प्युटरच्या कामात आहे, यात्रेला आला होता. माझा फोन दोन मिनिटं बघितला आणि म्हणाला, “मामी, हे सर्टिफिकेट कुणी टाकायला सांगितलं?” मग त्याने नीट उलगडून सांगितलं. साइटच्या पत्त्यात सुरुवातीला https असतं, ते म्हणजे चिकटवलेलं पाकीट. मध्ये प्रॉक्सी असली तरी तिला पाकिटावरचा पत्ता दिसतो, आतलं पत्र नाही. पण अनोळखी माणसाचं सर्टिफिकेट टाकलं की पाकीट फोडून, वाचून, परत चिकटवून पुढे पाठवायची मुभा त्याला मिळते, आणि वरून साइटचा पत्ता मात्र तसाच दिसत राहतो. अँड्रॉइड ७ पासून बहुतेक ॲप असं बाहेरून टाकलेलं सर्टिफिकेट मानत नाहीत, त्यामुळे बँकेचं ॲप बहुधा वाचलं. क्रोम मात्र मानतं. मी पत्ते क्रोममध्येच भरत होते.

बूस्टरचं तर आणखी वाईट निघालं. भाच्याने राऊटरचं पान उघडून दाखवलं: घराबाहेर गेलेला डेटा घरात आलेल्याच्या जवळपास बरोबरीचा. आमच्या घरातून एवढं जाणार काय, पार्सलचे चार फोटो? आमचं कनेक्शन परक्या लोकांना वापरायला दिलेलं होतं. त्यांचा पत्ता लपावा म्हणून आमचा पुढे केला जात होता. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने ‘९११ एस५’ नावाचं असंच जाळं बंद पाडलं. फुकटच्या व्हीपीएनमधून, म्हणजे प्रॉक्सीसारखाच पत्ता लपवणाऱ्या ॲपमधून, लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचं आणि त्यांचे आयपी पत्ते गुन्हेगारांना भाड्याने द्यायचे, हा धंदा. असे १ कोटी ९० लाखांहून जास्त पत्ते त्यात होते. आमच्या कनेक्शनवरून कुणी काय केलं ते आम्हाला माहीत नाही, पण तपास झाला असता तर पोलीस आमच्याच दारात आले असते. त्या रात्री आम्हा कुणालाच झोप लागली नाही.

१९३० या सरकारी सायबर हेल्पलाइनला फोन केला, सरकारी सायबर पोर्टलवर तक्रार घातली आणि इथल्या सायबर पोलीस ठाण्यात जाऊन आलो. काकूंनाही लगेच १९३० ला लावायला सांगितलं. तुमच्याकडे असं काही झालं असेल तर त्या माणसाचे मेसेज, नंबर, पावत्या पुसू नका. रागाच्या भरात मी अर्धे पुसून टाकले होते, ते ठाण्यात गेल्यावर नडलं. ऑटोपे यूपीआय ॲपमध्ये जाऊन आपल्यालाच रद्द करावा लागतो. आणि ॲप काढलं म्हणजे सर्टिफिकेट गेलं असं नाही. सेटिंगमध्ये सुरक्षेच्या भागात क्रेडेन्शियल्समध्ये शिरून, वापरकर्त्याने टाकलेलं म्हणून जे दिसेल ते वेगळं काढावं लागतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे फोनही तपासा. सासूबाईंच्या फोनमधलं आम्ही विसरलोच होतो, चार दिवसांनी सापडलं. पासवर्ड हे सगळं काढून झाल्यावरच बदला, नाहीतर नवा पासवर्डही त्यांनाच मिळतो.

वहीतून नंबर काढून आतापर्यंत १२० जणांना फोन केले, काहींचे अजून लागत नाहीत. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत माझ्याकडून चटणी मागवलेलं कुणी हे वाचत असेल, तर पार्सल पाठवल्यावर मी एक रुपयाही मागत नाही आणि लिंक कधीच पाठवत नाही. तसा फोन आला तर लगेच ठेवून द्या आणि मला माझ्या जुन्याच नंबरवर कळवा.