चार्टर की वस्तीतलं हायस्कूल?

अमेरिकेत चार्टर म्हणजे स्वतंत्र व्यवस्थापनाची सरकारी शाळा, तर वस्तीतलं हायस्कूल चालवतो डिस्ट्रिक्ट, म्हणजे स्थानिक शाळा-प्रशासन. दोन्ही सरकारी पैशांवरच चालतात, फी कुठेच नाही. फरक प्रवेशाचा. डिस्ट्रिक्टच्या हायस्कूलला हद्दीतलं मूल वर्षाच्या मध्यातही घ्यावं लागतं. चार्टरमध्ये अर्ज जास्त आले की सोडत. म्हणून नुसता निकाल नको, इयत्तावार पट बघा. एनसीईएस या अमेरिकी सरकारच्या शिक्षण आकडेवारी केंद्राच्या संकेतस्थळावर तो फुकट मिळतो. समजा, चार्टरच्या नववीत 120 मुलं आणि तीन वर्षांनी त्याच बॅचची बारावीत 70. मधली 50 कुठे गेली, हे मुख्याध्यापकांना थेट विचारा. इंग्रजी नव्याने शिकणारी, विशेष शिक्षणाची, सवलतीत जेवण मिळणारी मुलं शेजारच्या हायस्कूलपेक्षा फारच कमी असतील, तर चांगल्या निकालाचं सगळं श्रेय शिकवण्याला देता येत नाही. पट टिकलेला आणि मुलं शेजारच्या हायस्कूलसारखीच असतील, तर मी चार्टरच निवडेन.