आधी मालिका की आधी गाणं? कुडाळच्या भाचीसाठी केलेली तुलना

जूनमध्ये कुडाळला ताईकडे गेलो, तर भाचीने दारातच गाठलं. "मामानू, माका सिरियलीत घेतल्यानी. पण माका गाणाच करूचा आसा. काय करू?" वय सतरा, बारावीचं वर्ष. आवाज डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, बुवांच्या मागे कोरस धरून तापलेला. शूटिंग ठाण्यात, घोडबंदर रोडला.

तिच्या मोबाईलवर दिवसभर दोघीच वाजतात: सब्रिना कार्पेंटर आणि ऑलिव्हिया रॉड्रिगो. दोघी अमेरिकेतल्या, दोघी डिस्नेच्या मालिकांतून आलेल्या, आणि आज दोघींना लोक गायिका म्हणूनच ओळखतात. म्हटलं, चल, यांचीच सुरुवातीची वर्षं शेजारी शेजारी मांडून बघू.

सब्रिना लहानपणी यूट्यूबवर गाणी टाकायची. वडिलांनी घरातच रेकॉर्डिंगची खोली करून दिली होती. 2014 साली ‘गर्ल मीट्स वर्ल्ड’ सुरू झाली तेव्हा ती पंधराची. गाणीही त्याच वर्षी आली, तीसुद्धा डिस्नेच्याच संगीत कंपनीकडून. मालिकेचा मालक तोच, गाण्याचाही तोच. 2019 पर्यंत तिचे चार अल्बम झाले. चाहते होते, पण जगभर गाजावाजा नाही. 2021 मध्ये तिने कंपनी बदलली. ‘एस्प्रेसो’ या गाण्याने घराघरात पोचवलं ते 2024 मध्ये, सहाव्या अल्बमच्या वेळी. दहा वर्षं गेली मधे. भाचीला हा आकडा सांगितल्यावर तिचा चेहरा पडला.

ऑलिव्हियाचं गणित वेगळं. 2016 मध्ये, तेराव्या वर्षी, ‘बिझार्डवार्क’ ही मालिका. मग 2019 पासून ‘हायस्कूल म्युझिकल’ची मालिका. या मालिकेसाठी तिने ‘ऑल आय वॉन्ट’ हे गाणं स्वतः लिहिलं आणि ते मालिकेबाहेरही चाललं. गाण्याचा करार मात्र तिने डिस्नेबाहेर, गेफेन या संगीत कंपनीशी केला. 8 जानेवारी 2021 ला ‘ड्रायव्हर्स लायसन्स’ आलं आणि आठ आठवडे बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या गाजत्या गाण्यांच्या यादीत, पहिल्या नंबरवर बसलं. पुढच्या वर्षी तीन ग्रॅमी पुरस्कार. गाण्याचा विषय काय, तर नुकतं लायसन्स मिळालेली मुलगी एकटीच गाडी चालवतेय. (आमच्याकडे लायसन्सला ओरोसच्या आरटीओत जावं लागतं. त्यावरही कुणीतरी लिहावं.)

वरवर बघितलं तर ऑलिव्हियाचा रस्ता सरस. पण तो स्वतःचं गाणं लिहिता येणाऱ्या मुलीचा रस्ता आहे. नुसता गोड गळा असेल तर सब्रिनाएवढा धीर लागेल, आणि दरम्यान घरभाडं कोण भरणार हे आधी ठरवावं लागेल.

खरी मेख मात्र निराळीच आहे. ‘गर्ल मीट्स वर्ल्ड’चे तीन सीझन मिळून भाग किती? 72. आपल्याकडे आठवड्याला सहा भागांची मालिका तेवढे भाग तीन महिन्यांत संपवते. सब्रिनाला दोन सीझनच्या मधे अल्बम करायला वेळ मिळाला. इथे मुलगी सकाळी मेकअपला बसते ती रात्री सुटते. रियाज करणार कधी? 2016 ला ‘रात्रीस खेळ चाले’ आकेरीत शूट झाली, तशी घराजवळची मालिका असती तर मी एवढा कटकट्या झालो नसतो. तशी रोज कुठे मिळते?

उलट दिशेचा रस्ताही आहे. केतकी माटेगावकर 2008 च्या ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’मध्ये गायली आणि मग सिनेमात आली. त्याच पर्वातले अलिबागची मुग्धा वैशंपायन आणि आरवलीचा प्रथमेश लघाटे गाण्यातच राहिले. आवाजाची ओळख आधी झाली की अभिनयाला नंतर नाही म्हणता येतं.

मग भाचीचा करार वाचला. नवव्या पानावर बारीक अक्षरात होतं: मालिका चालू असेपर्यंत निर्मात्याच्या लेखी परवानगीशिवाय बाहेर गायचं नाही, गाण्याचा व्हिडिओही टाकायचा नाही. ताईचं लक्ष पैशाच्या आकड्यावर होतं, तेही बरोबरच. मी सांगितलं, हे कलम काढतात का विचार. महिन्याला किती दिवस शूटिंग तेही लिहून घे. काढत नसतील तर माझं मत नको म्हणायचं आहे. आणि बारावी काही झालं तरी द्यायची.

ती गप्प बसली. मग मोबाईल काढून स्वतः लिहिलेलं एक गाणं ऐकवलं, गोधडी पांघरून रेकॉर्ड केलेलं. तरीही मागे पत्र्यावरचा पाऊस ऐकू येत होता.

"ह्यो आवाज काढून टाकू?"

मी म्हटलं, राहू दे.