कोलंबोत उतरताय? गळ्यातलं बोटीचं कार्ड आधी खिशात घाला

कोलंबोत एका दिवसात फसलो, त्याचे आधी आकडे. नीलम 640 डॉलर. बँकेचा परकीय चलनाचा अधिभार आणि त्यावरचा जीएसटी धरून खात्यातून गेले 56,580 रुपये. टुकटुकचे 9,000 श्रीलंकन रुपये. देवळातल्या ‘देणगी’चे 4,000. आणि पुण्यात आमच्या सराफाने त्या नीलमची केलेली किंमत 400 रुपये, ‘तीही पैलू बरे पाडलेत म्हणून’.

सिंगापूरहून मुंबईला येणारी क्रूझ डिसेंबरात एक दिवस कोलंबोला लागली होती. बोटीची स्वतःची शहर सहल माणशी 89 डॉलर. एवढे पैसे मोजून बसच्या काचेतून लोटस टॉवर बघण्यापेक्षा शटलने गेटबाहेर यावं, गॉल फेसवर समुद्र बघत कोळंबीचे इस्सो वडे खावेत आणि परत जावं, एवढाच आमचा बेत. यात हावरटपणा कुठे दिसला, ते मला नावं ठेवणाऱ्या नातेवाइकांनी सांगावं.

वडे खाताना एक माणूस हसत आला. “सर, ओळखलं नाही? तुमच्याच बोटीवर किचनमध्ये असतो. आज सुट्टी.” बोटीचं नावही बरोबर घेतलं. बोटीवर शेकडो कर्मचारी, सगळे एकाच गणवेशात. कोण चेहरे लक्षात ठेवतो? उलट आपणच ओळख विसरलो म्हणून मी ओशाळलो. बोटीचं नाव त्याने माझ्या छातीवर वाचलं होतं! केबिनची किल्ली म्हणून जे कार्ड देतात, ते आम्ही दोघंही रंगीत फितीत अडकवून मिरवत होतो.

पुढचं तुम्हाला पाठ असेल. आज हत्तींचा उत्सव, फक्त आजच, दुपारी संपतो. हा माझा ओळखीचा टुकटुकवाला, सगळं शहर पाचशेत दाखवेल. हत्तींची मिरवणूक कोलंबोत खरंच निघते, गंगारामय विहाराची नवम पेराहेरा, पण ती फेब्रुवारीत. आम्हाला नेलं भलत्याच छोट्या देवळात. हत्ती नाही. मनगटाला दोरा बांधून कोणीतरी वही पुढे केली, त्यात आधीच्या ‘भक्तांचे’ पाच-पाच हजार लिहिलेले. (वहीत आकडे दिसले की हात जोडा आणि चपला घाला.)

मग रत्नांचं दुकान. ‘सरकारी’ सवलतीचा शेवटचा दिवस, अर्थातच. माझी घाई बघून काउंटरवरचा म्हणाला, “बसा सर, चहा घ्या. बोट पाचला सुटणार, साडेचारपर्यंत चढायचं, भरपूर वेळ आहे.”

इथे उठायला हवं होतं. या माणसाला आम्ही वेळ सांगितलीच नव्हती. टुकटुकवाल्यालाही नाही. बोट साडेचारनंतर कोणासाठी थांबत नाही, म्हणजे आम्ही चारला दुकानात भांडत बसू शकत नाही, हे त्या माणसाला आमच्यापेक्षा नीट माहीत होतं. कानावर पडलं, खटकलंही, पण तेवढ्यात त्याने हिला रास विचारली. मीन. साडेसाती चालू. झालं! आयुष्यभर कंपनीच्या खरेदी खात्यात पुरवठादारांना घाम फोडलेला मी, 1,600 वरून 640 वर आणलं म्हणून मनातल्या मनात स्वतःचीच पाठ थोपटत होतो. दगड 3.2 कॅरटचा. त्या वजनाचा चांगला निळा, अस्सल सिलोनी नीलम कॅरटला दोनशे डॉलरने कोणी देत नसतो. सराफाने भिंगाखाली दाखवलं: आत वाढीच्या रेषा गोलाकार वळलेल्या. अस्सल दगडात त्या सरळ, कोनात असतात. म्हणजे हा दगड भट्टीतला. असे नीलम करायची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे.

परतताना टुकटुकवाल्याने पाचशेचे बारा हजार केले: थांबल्याचे वेगळे, माणशी वेगळे. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं. नऊ हजार दिले. तिथे पिकमी ॲप चालतं, भाडं आधीच दिसतं. तेच वापरा.

आता तक्रारीची कथा. बंदराच्या गेटवरचा पोलिस म्हणाला, चौकीत जा. चौकीत फोन केला तर, समक्ष या, लेखी द्या. पाचला सुटणाऱ्या बोटीतून समक्ष कसं यायचं? बोटीवरच्या मदत कक्षातली मुलगी गोड हसून म्हणाली, आमची सहल घेतली असती तर जबाबदारी आमची होती. बँक म्हणते, तुम्ही स्वतः पिन टाकलात, म्हणजे संमती होती, आणि वस्तू मिळालीही आहे. अस्सल नीलम म्हणून भट्टीतला दगड दिला तरी ‘वस्तू मिळाली’? बरं, दगड खोटा असल्याचा दाखला द्या म्हणाले. सराफाचा दिला तर तो चालत नाही, प्रयोगशाळेचा हवा. प्रयोगशाळेचा आणला तर म्हणे, हाच दगड त्या दुकानातला कशावरून? प्रवास विम्यात हरवलेली बॅग बसते, फसलेला माणूस बसत नाही. इथल्या सायबर पोलिसांनी सांगितलं, हे ऑनलाइन नाही, साध्या ठाण्यात जा. साध्या ठाण्यात सांगितलं, गुन्हा कोलंबोत घडला, तिकडे जा. विमानाचं तिकीट कोण काढणार, तेही विचारलं. ते काही बोलले नाहीत.

रत्न घ्यायचंच असेल तर कोलंबोत नॅशनल जेम अँड ज्वेलरी अथॉरिटी या सरकारी संस्थेची तपासणी प्रयोगशाळा आहे. दुकानदाराला म्हणा, आधी तिथे चला, मग पैसे. तो तयार झाला नाही तर चहा अर्धा ठेवून उठा. दुकानाच्या छापील प्रमाणपत्राला भुलू नका, तो कागद त्यांच्याच प्रिंटरवर निघतो. बोटीची वेळ कोणी विचारली तर दोन तास अलीकडची सांगा.

सराफ 400 ला दगड ठेवून घ्यायला तयार होता. दिला नाही. बँकेला तिसरं पत्र गेलंय, त्यात पुरावा म्हणून तो लागणार आहे.