लाल पट्टा घरात खिळ्याला टांगलेला होता

आधी आकडा लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहिताना हात अडखळणार नाही. 24,550 रुपये. चार वेळा पाठवले आणि चारही वेळा माझ्याच हाताने, माझाच पिन टाकून. "तुमचा हरवलेला कुत्रा सापडलाय" असं सांगणाऱ्या माणसाला. आमचा कुत्रा त्याने जन्मात पाहिलेला नव्हता.

ओटीपी सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, हे मलाही पाठ आहे. मी जळगावात एका पतसंस्थेत काम करते, खिडकीवर आलेल्या म्हाताऱ्या माणसांना हेच बजावत असते. माझ्याकडे कोणी ओटीपी मागितला नाही, कोणी लिंक पाठवली नाही.

गुंड्या आमचा बीगल, सहा वर्षांचा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गल्लीत हजाराची माळ लागली, पाहुण्यांच्या येण्याजाण्यात फाटक उघडं राहिलं आणि तो गेला. बीगल ज्यांनी पाळलाय त्यांना सांगायला नको. सशाचा माग हुंगत काढायला घडवलेली ही जात. एकदा नाक जमिनीला लागलं की स्वतःचं नाव ऐकू येत नाही त्यांना. त्यात फटाक्यांनी बिथरलेला. आम्ही रात्री दोनपर्यंत मेहरूण तलावापासून हायवेपर्यंत फिरलो. मुलगा हाका मारून मारून घसा बसवून आला.

माझ्या जिवाला घोर वेगळाच होता. गुंड्याला दोन वर्षांपासून फिट्स येतात. बीगलमध्ये हा आजार बऱ्यापैकी दिसतो. फेनोबार्बिटोनची गोळी सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला, एकही चुकवायची नाही. ती अचानक थांबली तर फिट्स उलट जोरात येऊ शकतात, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी निक्षून सांगितलं होतं. तो गेला तेव्हा संध्याकाळची गोळी द्यायची राहिली होती. "कुत्र्यासाठी एवढे पैसे कोण पाठवतं" असं मला आजवर ज्यांनी ज्यांनी विचारलं, त्यांनी ती रात्र घड्याळाकडे बघत काढून पाहावी.

रात्रीच मी सगळीकडे मजकूर टाकला, आणि त्यात काय म्हणून लिहायचं ठेवलं नाही! नाव गुंड्या. फिट्सचा आजार, औषध चालू. गळ्यात लाल पट्टा, घुंगरू. बक्षीस 10,000 रुपये. माझा मोबाईल नंबर आणि फोटो पाच. हरवल्याचा मजकूर टाकताना निदान एक खूण स्वतःजवळ ठेवा, म्हणजे फोन करणाऱ्याला विचारता येते. गुंड्याच्या पोटावर मागच्या डाव्या पायापाशी रुपयाएवढा काळा डाग आहे. तो डाग विचारला असता तर फोन करणारा एका प्रश्नात उघडा पडला असता. मी विचारलंच नाही.

पाडव्याच्या सकाळी पावणेदहाला फोन आला. "ताई, तुमचा गुंड्या माझ्या गाडीत आहे." त्याने नाव घेतलं आणि मी खालीच बसले. ट्रक चालवतो म्हणाला, माल घेऊन सुरतला निघालाय, पहाटे एरंडोलच्या पुढे हायवेच्या कडेला कुत्रा थरथरताना दिसला म्हणून उचलून केबिनमध्ये घेतला. बोलणं आपल्याकडचंच, अगदी घरच्यासारखं. बक्षिसाचं मी काढलं तर म्हणाला, "एक रुपया नको ताई, मुक्या जनावराचा तळतळाट कोण घेईल?" पाच मिनिटांनी परत फोन. तोंडाला फेस आलाय, पाय झाडतोय, धुळ्यात दवाखान्यात नेतोय, डॉक्टर इंजेक्शनचे 2,200 आधी मागतात. फेस येतो, पाय झाडतो, हे त्याला कसं कळलं? मीच तर लिहिलं होतं फिट्स येतात म्हणून! तेव्हा मात्र वाटलं, बघितल्याशिवाय कोणी इतकं नेमकं सांगेल का?

मी फोटो मागितला. त्याने पाठवला.

इथेच मी थांबायला हवं होतं. फोटोत गुंड्या स्टीलच्या टेबलावर बसलेला, गळ्यात लाल पट्टा, घुंगरू. मी किंचाळलेच, "हाच! पट्टा बघा ना, आपलाच!" सगळे भोवती जमले, सासूबाईंनी देवाला हात जोडले. मी उभी होते गॅलरीच्या दारात, आणि माझ्या डोक्यावर हातभर अंतरावर, खिळ्याला, तोच लाल पट्टा टांगलेला होता. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मीच गुंड्याला आंघोळ घातली होती, पट्टा धुऊन वाळत टाकला होता, आणि तो गेला तेव्हा त्याचा गळा मोकळा होता. मजकुरात लाल पट्टा लिहिला तो सवयीने, फोटोत होता म्हणून. घरात सात माणसं होती, एकानेही वर पाहिलं नाही. इतरांना दोष देत नाही, पट्टा मी टांगला होता. पण रात्रभर जागं राहून, पोटात अन्नाचा कण नसताना, पोर मांडीवर रडत असताना माणूस खिळे बघत नाही, हेही खरं आहे.

फोटो मुलाच्या वाढदिवसाचा होता, दोन वर्षांपूर्वी मीच टाकलेला. मागचा केक आणि फुगे काढून दवाखान्याचं टेबल चिकटवलं होतं. असं करायला आता फार अक्कल लागत नाही, मोबाईलवर होतं. म्हणून फोटोवर विश्वास ठेवू नका. व्हिडिओ कॉलच मागा, आणि तोही कुत्र्याला तुमचा आवाज ऐकवून. मी मागितला होता. "दवाखान्यात नेट येत नाही ताई." पैसे मात्र त्याच नेटवर पोचत होते.

10 वाजून 5 मिनिटांनी 2,200 पाठवले. संध्याकाळी 3,850, सलाईन आणि एक रात्र भरती ठेवायचे. खात्यावर नाव एका बाईचं आलं. "वहिनीचं खातं आहे, माझं बंद पडलंय." पैसे पाठवताना पडद्यावर जे नाव येतं आणि फोनवर जो माणूस बोलतोय, ते जुळत नसेल तर बोट तिथेच थांबवा. बिलही पाठवलं त्याने, शिक्क्यासकट. त्यावर कुत्र्याचं वजन 28 किलो. बीगल नऊ ते अकरा किलोंचा असतो. आमचा खादाड, भाकरीच्या तुकड्यासाठी डब्याचं झाकण काढणारा, तरी 14. दर महिन्याला डॉक्टर त्याच्या वजनावरून मला बोलतात, आणि मी तो 28 चा आकडा वाचून खाली फक्त रक्कम पाहिली.

तिसरा दिवस भाऊबीज. सकाळी फोन, "ताई, आता हा सुरतेत माझ्यासोबत आहे, धुळ्याचा दवाखाना सणासाठी बंद होत होता, एकटा कसा सोडू? पिंजऱ्याची गाडी करून नवापूरला आणून देतो. 6,500 होतील. ओवाळणी मीच घालतोय समजा." हे वाक्य मला आजही झोपेतून उठवतं. माझा सख्खा भाऊ त्या वेळी ताटासमोर बसलेला होता, आणि मी त्याला थांबवून या माणसाला पैसे पाठवत होते. दुपारी शेवटचा हप्ता, 12,000. राज्याची हद्द ओलांडून जनावर नेण्याच्या परवान्याची अनामत, कुत्रा हातात दिला की परत. परत मिळणारी अनामत म्हणजे काय प्रकार असतो, हे पतसंस्थेत बसणाऱ्या बाईला कळायला नको? कळत होतं. पण 12,550 आधीच गेले होते, आणि आता नाही म्हटलं तर ते आणि गुंड्या दोन्ही गेले, असा हिशोब डोक्यात बसला होता. या लोकांना हा हिशोब आपल्यापेक्षा चांगला माहीत असतो.

गाडी भाड्याने करून आम्ही नवापूर गाठलं, रात्रीचे आठ वाजले. ते स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. त्याने तिथेच उभं राहायला सांगितलं होतं. फोन बंद. साडेबारापर्यंत आम्ही फलाटावर बसून होतो. मुलगा प्रत्येक गाडीला उठून बघायचा. तिथेच मोबाईलवर तो फोटो मोठा करून बघताना मला पट्टा आठवला. घरी सासूबाईंना फोन लावला, म्हटलं गॅलरीत खिळ्याला बघा. त्या म्हणाल्या, "आहे की गं इथेच."

तिथूनच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला. हा नंबर पैसे गेल्याच्या पहिल्या तासात लावायचा असतो, तेव्हा पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतात. शेवटचे पैसे पाठवून मला आठ तास होऊन गेले होते.

आता पोलीस ठाण्याचं सांगते. चौथ्या दिवशी गेले. टेबलामागच्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, "कुत्रं हरवलं का पैसे?" दुसरा म्हणाला, "एवढ्यात दोन आली असती." आणि हसले. मी चाळिशीतली बाई, शेजारी माझा मुलगा, आणि ते हसले. मग म्हणे, नवापूरला फसवलं तर तिकडे जा. पैसे जळगावातून गेले, फोन जळगावात आला, मग नवापूर कशाला? तर म्हणे आरोपी गुजरातचा. तुम्हाला कसं माहीत? तुम्हीच सांगितलं ना ताई सुरत म्हणून! म्हणजे त्या चोराने मला सांगितलेली थाप यांनी माझ्याच तोंडून घेऊन हद्दीचं कारण केली. साधा अर्ज घेतला, गुन्हा नोंदवला नाही. नवीन कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये, हद्द कुठलीही असो, माहिती घेऊन गुन्हा नोंदवायची तरतूद आहे, झिरो एफआयआर म्हणतात ती. फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेतलं 318. हे आकडे पाठ करून जा, मी गेले नव्हते. साहेब सुट्टीवर, साहेब बंदोबस्ताला, साहेब मीटिंगला. पाच खेपा झाल्या, पाचही अर्ध्या पगारी रजा टाकून.

बँकेत वेगळं ऐकलं नाही. "व्यवहार ग्राहकाने स्वतः पिन टाकून केलाय." मान्य! पण समोरचं खातं कोणाचं, ते उघडताना कागद कोणी तपासले, हे विचारायचं कोणी? त्या खात्यात दोन दिवसांत माझ्यासारख्या किती जणींचे पैसे आले असतील, ते कोणाच्या नजरेला पडत नाही का? चार महिन्यांनी कळलं की 1,140 रुपये एका खात्यात गोठवलेले आहेत. ते हवे असतील तर कोर्टाचा आदेश आणा, असं तेव्हा सांगितलं.

गुंड्या पाचव्या दिवशी सापडला. आसोदा रस्त्याला, घरापासून चार किलोमीटरवर, केळीच्या बागेत. आम्ही नवापूरच्या फलाटावर बसलो होतो तेव्हा तो तिथल्या सालदाराच्या, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याच्या झोपडीपाशी होता. कुठल्या मजकुराने नाही, आमच्या दूधवाल्याने सांगितलं. त्याने त्या बागेत "लांब कानाचं, भुंकण्याऐवजी आळवणारं कुत्रं" आल्याचं ऐकलं होतं. तुमचा कुत्रा हरवला तर मोबाईल खाली ठेवा आणि दूधवाले, पेपरवाले, रात्रपाळीचे वॉचमन, शेतातले सालदार यांना गाठा. त्याचं अंथरूण फाटकापाशी टाका. बीगल आला तर वासाने येईल.

सालदाराची बायको दारातच विचारती झाली, "हाऊ तुमना कुत्रा शे का?" रात्री त्याला दोनदा फिट आली होती. तिने कांदा फोडून नाकाला लावला आणि तो शांत होईपर्यंत जवळ बसून राहिली. फिटमध्ये कांद्याचा काही उपयोग होत नाही हे मला डॉक्टरांकडून माहीत आहे, तोंडाजवळ हात नेणं धोक्याचंही असतं. पण ती बसून राहिली होती. 10,000 पुढे केले तर मागे सरली. माझा नंबर तिच्याकडे असता तर पहिल्याच रात्री फोन केला असता, असं तिचा नवरा म्हणाला. नंबर असणार कुठे, गळ्यात काहीच नव्हतं.

तीन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. त्याचे 4,300, पण ते खऱ्या डॉक्टरला दिले. त्याच वेळी कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप बसवून घेतली, तांदळाएवढी असते, तिच्यात पंधरा आकडी नंबर. पट्ट्यावर फोन नंबर कोरून घेतलाय, आणि धुतला तरी ओलाच परत घालते. फटाक्यांच्या दिवसांत आंघोळच घालू नका.

परवा एका ओळखीच्या बाईंचा धुळ्याहून फोन आला. त्यांचा लॅब्रेडॉर हरवलाय, आणि एका ट्रकवाल्याला सापडलाय, इंजेक्शनला 2,200 हवेत. मी त्यांना फोन ठेवूच दिला नाही, आधी तो नंबर लिहून घेतला. नंबर नवा आहे, वहिनीचं खातं जुनंच.

सोमवारी सहाव्यांदा ठाण्यात जाणार आहे. या खेपेला दोन्ही नंबर, सगळ्या पावत्या, 28 किलोचं बिल आणि तो लाल पट्टा पिशवीत घालून नेतेय. धुळ्याच्या बाईही येतायत.