जीएनयू ऑक्टेव्ह: अभियांत्रिकीच्या आकडेमोडीसाठी भरवशाची मुक्त प्रणाली

जीएनयू ऑक्टेव्हची मूळ कल्पना रासायनिक रिअ‍ॅक्टरच्या आरेखनावरील एका पाठ्यपुस्तकाला जोड म्हणून पुढे आली. जॉन ईटन यांनी १९९२ मध्ये त्यावर पूर्णवेळ काम सुरू केले आणि १९९४ मध्ये आवृत्ती १.० आली. कागदाच्या कपट्यावर झटपट अंदाजी उत्तर काढण्यात वाकबगार असलेले त्यांचे प्राध्यापक ऑक्टेव्ह लेव्हन्स्पील यांचे नाव तिला मिळाले.

हा उगम तिच्या बलस्थानांत आजही दिसतो. ज्या अभिक्रियांत एक टप्पा क्षणार्धात, तर दुसरा तासन्‌तास चालतो, त्यांची अवकल समीकरणे साध्या पद्धतीने सोडवताना पायरी इतकी बारीक घ्यावी लागते की गणित संपतच नाही. ऑक्टेव्हचे 'एलएसओडीई' हे फलन मात्र अशाच समीकरणांसाठी योग्य पद्धत मुळातच गृहीत धरून चालते. एकसामयिक समीकरणांसाठीचे तिरप्या रेघेचे चिन्हही असेच जाणते आहे. मॅट्रिक्स त्रिकोणी आहे की सममित, हे तपासून ते रीत निवडते आणि उत्तर विश्वासार्ह नसेल, तर तशी सूचना देते. विद्यार्थ्यांनी ही सूचना कधीही दुर्लक्षू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

मॅटलॅब या अशाच कामाच्या विकतच्या प्रणालीत लिहिलेल्या पुष्कळशा आज्ञावल्या येथे जशाच्या तशा चालतात. उलट दिशेने जाताना मात्र जपावे लागते, कारण ऑक्टेव्हला चालणारी काही चिन्हे मॅटलॅब स्वीकारत नाही. नियंत्रण प्रणाली किंवा सिग्नल यांसाठीची पॅकेजेस वेगळी घालावी लागतात. वेग हा खरा उणा भाग आहे: लाखो फेऱ्यांचे लूप रेंगाळतात, त्यामुळे तेच गणित संपूर्ण मॅट्रिक्सवर एकदम मांडण्याची सवय लावून घ्यावी. आवृत्ती ४.० पासून खिडक्यांचे रीतसर आंतरपृष्ठ (इंटरफेस) मिळाल्याने नवख्यांची अडचण बरीच कमी झाली.

मॅटलॅबच्या जोडीच्या सिम्युलिंकसारखी पडद्यावर ठोकळे जोडून प्रतिरूप उभारण्याची सोय येथे नाही. ज्यांना तीच हवी, त्यांनी फ्रान्समध्ये घडलेल्या सायलॅब या दुसऱ्या मुक्त प्रणालीतील एक्सकॉस हे साधन पाहावे. मुक्त सॉफ्टवेअरचा शिक्षणात प्रसार करणाऱ्या आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने अनेक पाठ्यपुस्तकांतील सोडवलेली उदाहरणे सायलॅबमध्ये करून सर्वांसाठी विनामूल्य खुली ठेवली आहेत.